वळचणीची वहिवाट

जुन्या घराचे खरेदीखत वाचण्यासारखे असते. चतुःसीमा, सर्व्हे नंबर, हिस्सा, विहिरीतला वाटा, येण्याजाण्याची वाट, आंब्याफणसाची झाडे, आणि शेवटी जुन्या सनदांपासून चालत आलेली ती माळ: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. जमिनीत कुणी पुरलेले आणि अजून कुणाला न सापडलेले धनसुद्धा या यादीतून हस्तांतरित होते. पक्षी मात्र तिच्यात कुठेच नाहीत. ते कायद्याला धरूनच आहे. मोकळा रानपक्षी जागेच्या मालकाचा कधीच नसतो, तेव्हा विकणाऱ्याला तो विकता येत नाही आणि घेणाऱ्याला घेता येत नाही. पण मग कोकणातले एखादे जुने कौलारू घर विकत घेणारा माणूस किल्ली हातात घेतो, त्या दिवशी त्या घरात असे रहिवासी असतात ज्यांच्याशी त्याचा कसलाच व्यवहार झालेला नाही. वळचणीला पाकोळ्या असतात, आढ्याजवळच्या फटीत चिमण्या, परसातल्या पांगाऱ्याच्या वाळक्या फांदीत तांबट, पडक्या न्हाणीच्या भिंतीतल्या भोकात दयाळ. यांनी ताबा सोडलेला नाही आणि सोडा असे त्यांना कुणी म्हटलेलेही नाही. अशा घराला ‘माझे’ म्हणण्याचा अधिकार कशातून येतो, हा प्रश्न कायद्यापुरता दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सुटलेला असतो. तरीही तो उरतो, म्हणून मी त्याला धार्मिक प्रश्न म्हणतो. माझे म्हणणे असे की जुने घर आपले होते ते तिथे आधीपासून चालत आलेली वहिवाट आपण मान्य करतो तेव्हा. आणि आपल्या गृहविधींच्या तळाशी हीच समजूत आहे, तिच्यावर नंतर भीतीचे आणि शुभाशुभाचे कितीही थर चढलेले असोत.

वास्तुशांत म्हणजे घरातली ‘वाईट शक्ती’ घालवण्याचा विधी, अशी आज सर्वसाधारण समजूत दिसते. वास्तुपुरुषाची कथा मात्र वेगळेच सांगते. मत्स्यपुराणानुसार अंधकासुराशी लढताना शिवाच्या घामातून एक अक्राळविक्राळ प्राणी जन्मला. त्याची भूक भागेना आणि तो त्रैलोक्य गिळायला निघाला, तेव्हा देवांनी त्याला जमिनीवर पाडून धरले आणि ज्या देवाने जो अवयव दाबला तो तिथेच वस्तीला राहिला. खाली दाबला गेलेला तो जीव मग देवांना विचारतो की माझ्या पोटाचे काय, आणि घर बांधणाऱ्यांकडून तुला बळी मिळेल असा वर त्याला दिला जातो. या कथेत कुणाची हकालपट्टी होत नाही. प्रत्येक घर एका दडपलेल्या जिवावर उभे आहे, तो मेलेला नाही, आणि त्याला अन्नाचा शब्द दिलेला आहे. याला विजय म्हणण्यापेक्षा तह म्हणणे योग्य, तोही बळाने लादलेला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणायचा विधी आहे, त्याचाही सूर असाच. आदल्या रात्री झाडाची पूजा करून, त्यावर राहणाऱ्या जिवांना बळी देऊन विनंती करायची की हे स्वीकारा, दुसरीकडे घर करा, आम्हांला क्षमा करा. कुऱ्हाड दुसऱ्या दिवशी. तळकोकणात आणि गोव्यात तर जमिनीला राखणदार असतो आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचेही लागो, वर्षाची राखण त्याला द्यावी लागते. हे सगळे भाबडेपणात काढणे सोपे आहे. पण यातला गाभा भाबडा नाही. जागा कधीच रिकामी नसते आणि रिकामी असल्यासारखे वागणे हा अपराध आहे, एवढेच हे विधी सांगतात.

यावर एक आक्षेप परंपरेच्या आतूनच येतो. पूजेच्या आरंभी भूमीवरच्या भूतांना दूर व्हायला सांगतात, विघ्न करणाऱ्यांचा नाश चिंततात; तेव्हा हाकलण्याचा विधीही आहेच की. आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. फरक अवधीचा आहे. ते दूर सारणे एका कर्मापुरते, आसनाखालच्या जागेपुरते असते. उलट प्राणिमात्रांना भाग काढून ठेवणारा भूतयज्ञ गृहस्थाला रोजचा सांगितला आहे. घटकाभर दार लावून घेणे वेगळे आणि घराला दारच न ठेवणे वेगळे.

वहिवाट हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. १८८२ च्या सुखाधिकारांच्या कायद्यात असे तत्त्व आहे की एखादी वाट, उजेड किंवा वारा वीस वर्षे शांतपणे, उघडपणे आणि खंड न पडता हक्काने वापरला गेला, तर तो हक्क पक्का होतो. जमीन विकली तरी तो सुटत नाही; नवा मालक जमीन त्या ओझ्यासकट घेतो. शेजारच्या आगरातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या अंगणातून विहिरीवर जात असतील, तर गडग्याला बेडे लावून त्यांना अडवता येत नाही. यामागे साधा न्यायविचार आहे: दीर्घ, निरुपद्रवी वापराभोवती एक जीवन उभे राहते आणि ते उभे राहिल्यावर ‘कागद कुठे आहे’ असे विचारणे क्रूर ठरते. आता परसाकडे पाहावे. तांबट मऊ, वाळक्या लाकडात स्वतः भोक कोरतो, म्हणून त्याला पांगारा आणि शेवगा आवडतो. साळुंकी, पिंगळा, दयाळ, रानचिमणी यांना असे कोरता येत नाही. ती दुसऱ्याने कोरून सोडलेल्या ढोलीत, किडलेल्या खोडात, चिऱ्यांच्या भिंतीतल्या निखळलेल्या सांध्यात घर करतात. म्हणजे परसातल्या कितीतरी पक्ष्यांचा संसार जुन्या घरातच चालतो. त्यांना जुनेपण लागते. नव्या, गुळगुळीत, कुठेही फट नसलेल्या वास्तूचा त्यांना काडीचा उपयोग नाही, आणि वाळकी फांदी ‘धोकादायक’ म्हणून उतरवली की परसातला एक आख्खा पाडाच उठतो. सुगरणीचे उदाहरण तर फारच बोलके आहे. सलीम अली १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला राहत होते, तेव्हा त्यांनी तिथल्या सुगरणींचा अभ्यास केला. नर खोपा अर्धाच विणतो आणि थांबतो. माद्या येतात, आत शिरून तपासतात. एखादीला पसंत पडला तर ती तो ताब्यात घेते, आणि मगच उरलेले काम पुरे होते. निसर्गातून नीतीचे धडे काढण्याच्या सवयीवर माझा फारसा विश्वास नाही. त्याच सुगरणीचा नर लगेच दुसरीसाठी दुसरा खोपा विणायला घेतो, त्याचा कित्ता कुणी गिरवू नये. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की घर करणे म्हणजे शून्यापासून उभारणे, ही कल्पना सार्वत्रिक नाही. दुसऱ्याने अर्धवट सोडलेल्यात शिरून ते पुढे नेणे हीसुद्धा घर करण्याची पुरी रीत आहे. जुने घर घेणारा माणूस तेच करत असतो, मग त्याला ते कळो अथवा न कळो.

वकील म्हणेल, ही उपमा लंगडी आहे. वहिवाट ‘हक्काने’ व्हावी लागते. चिमणीला हक्क म्हणजे काय ते ठाऊक नाही, ती दावा लावू शकत नाही, तिला वकीलपत्र देता येत नाही. पण ज्याला बोलता येत नाही त्याच्या राहण्याचा प्रश्न आपल्या न्यायव्यवस्थेने फार पूर्वी हाताळला आहे, तोही घरातच. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलसमोर कलकत्त्याच्या एका कुटुंबातल्या देवाचा वाद गेला. पूजेची पाळी आली की देव आपल्या घरी न्यावा, असे एका वारसाचे म्हणणे होते. मूर्ती ही हलवण्याजोगी मालमत्ता आहे असे मानले असते तर वाद चटकन मिटला असता. निर्णय असा झाला की देव ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिने कुठे राहावे याबाबत तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि ती इच्छा मांडायला ज्याचा स्वतःचा स्वार्थ नाही असा कुणी नेमला पाहिजे. पक्षी म्हणजे देव, असे मला म्हणायचे नाही. मला म्हणायचे आहे ते इतकेच, की मुक्या रहिवाशाला राहण्याबद्दल म्हणणे असू शकते आणि ते दुसऱ्या कुणी निःस्वार्थपणे मांडायचे असते, ही गोष्ट आपण देवघरापुरती कधीच स्वीकारली आहे. देवघरातून वळचणीपर्यंतचे अंतर मोठे आहे हे खरे. पण तिथे जाणारी वाट बंद आहे असे कुणी दाखवून दिलेले नाही.

याहून अवघड आक्षेप मनुस्मृतीमुळे येतो, कारण भूतयज्ञाचे तत्त्वज्ञान तिथे सर्वांत नेमकेपणाने मांडले आहे. चूल, जाते किंवा पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा, या गृहस्थाच्या घरातल्या पाच जागा कत्तलीच्या आहेत आणि त्यांच्या पापक्षालनासाठी भूतयज्ञासह पंचमहायज्ञ आहेत, असे तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. मला हा विचार आपल्या सगळ्या गृहधर्मातला सर्वांत प्रौढ विचार वाटतो. घर निष्पाप असू शकत नाही, हे त्याने गृहीत धरले. झाडलोट केली तरी कुणाचे तरी घर मोडते. त्यावर उपाय म्हणून त्याने घर सोडायला सांगितले नाही आणि हिंसा डोळ्याआडही केली नाही; रोज काहीतरी परत करायला सांगितले. पण त्याच अध्यायात हा भाग कुणाकुणासाठी जमिनीवर ठेवायचा याची यादी आहे, आणि तीत कुत्री, कावळे, किडे यांच्या रांगेत श्वपच, म्हणजे अस्पृश्य मानलेली, आणि रोगग्रस्त माणसेही आहेत. कावळ्याला घराच्या नात्यात घेणाऱ्या त्याच ओळीने माणसाला घराच्या बाहेर, कुत्र्याच्या पंगतीला बसवले. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला या ग्रंथाचे दहन झाले ते उगाच नव्हे. तेव्हा परंपरेतून भूतदयेचे दाखले वेचणाऱ्याने हा हिशेब टाळू नये. पाच कत्तलखान्यांचा विचार घ्यावा आणि ती यादी टाकावी, कारण यादी त्या विचाराच्याच विरुद्ध जाते. घराने ज्यांचे नुकसान केले त्यांचे देणे द्यायचे असेल, तर जुन्या वाड्यांच्या आणि घरांच्या बाबतीत सर्वांत आधीचे देणेकरी आपण निघतो ते ओटीची पायरी चढू न दिलेल्या माणसांचे. ही जुनी गोष्ट नाही. ज्या सोसायट्यांच्या गच्चीवर पक्ष्यांसाठी पाण्याची मातीची भांडी ठेवलेली असतात, तिथेच भाडेकरूचे आडनाव आधी विचारतात. पक्ष्याला आडनाव नसते, म्हणून त्याच्यावर प्रेम करणे स्वस्त पडते. या टोमण्याने माझा मुद्दा खोटा ठरत नाही. तो फक्त महाग होतो. आधीच्या रहिवाशाचा हक्क मानायचा तर तो चिमणीपाशी थांबवून चालत नाही.

इथे दया आणि वहिवाट यांतला फरक स्पष्ट करायला हवा, कारण माझे म्हणणे ‘पक्ष्यांना दाणे घाला’ असे ऐकू येण्याचा धोका आहे. २०२५ च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून मुंबईत जे घडले त्यात दोन्ही बाजू धर्माची भाषा बोलत होत्या. एका बाजूला जीवदयेचे व्रत आणि पिढ्यांची श्रद्धा. दुसऱ्या बाजूला कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ, तिने होणारे फुफ्फुसांचे गंभीर आजार, आणि शेजारच्या माणसाच्या जिवाचाही जीवदयेत समावेश होतो की नाही हा प्रश्न. उच्च न्यायालयात आरोग्याची बाजू वरचढ ठरली आणि ती योग्यच होती असे मला वाटते. पण माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. पोत्याने टाकलेली ज्वारी हा देणाऱ्याच्या पुण्याचा व्यवहार असतो. त्यात पक्ष्याची गरज विचारली जात नाही. पारवा मुळात कड्याकपारींतला; इमारतींच्या सज्जांनी त्याला कडे दिले, दाण्याने त्याची संख्या वाढवली, आणि इतरांच्या वाट्याचे आढे त्याने बळकावले. चिमणीचे पाहा. ती स्वतः दाणे खाते, पण पिलांना पहिले काही दिवस किडे आणि अळ्याच भरवते. परसात औषध फवारून, पानांवर एकही अळी न ठेवता, अंगणात तांदळाच्या कण्यांची सुबक वाटी टांगणारा माणूस दया करतो आणि पिलांना उपाशी मारतो. वहिवाट मान्य करणाऱ्याला फार काही द्यावे लागत नाही, फक्त आधीचे मोडायचे नसते. कुंपणातली झुडपांची जाळी, कर्दळीवरची कुरतडलेली पाने, शिंप्याने दोऱ्याने शिवलेले एखादे रुंद पान, कोपऱ्यातला पालापाचोळा ज्यात सातभाई दिवसभर उलथापालथ करतात: हे राहू द्यायचे असते. वैश्वदेवातला, म्हणजे रोजच्या भूतयज्ञातला, बळीही घासभरच असतो, आणि तोही घरात शिजलेल्यातला. त्याचे प्रमाण लहान ठेवले आहे, कारण तो घराच्या मर्यादेची आठवण म्हणून आहे, पोसण्याचा ठेका म्हणून नाही.

वैराग्याच्या बाजूने मात्र एक थेट हरकत आहे, आणि ती पक्ष्यांच्याच तोंडून येते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत कपोत आहे. झाडावर घरटे, बायको, पिले, अपार माया. एके दिवशी पारध्याने पिले जाळ्यात धरली, मादी मागोमाग गेली आणि तो स्वतःही त्याच जाळ्यात पडला. आणि त्याच यादीत साप आहे, जो स्वतः घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात सुखाने राहतो, कारण घर मांडणे हे दुःखाचे मूळ. मग घर करण्याचा एवढा विचार मुळात कशाला? याचे उत्तर ज्याने या स्कंधावर मराठीत सर्वांत विस्ताराने लिहिले त्याच्या आयुष्यात शोधता येते. एकनाथांनी हा स्कंध पैठणला संसार करत मराठीत आणायला घेतला आणि १५७३ मध्ये काशीला पूर्ण केला. आणि घर सोडले नाही. कपोताच्या कथेचा रोख अतिस्नेहावर आहे, स्नेहावर नाही, आणि अतिस्नेहाची खूण अशी की घरट्यापलीकडचे काहीच दिसेनासे होते. ज्याला आपल्या घरात आपल्याखेरीज दुसरे कुणी राहते याचे भान आहे त्याची माया आपोआप पातळ होते. ते घर त्याच्या मुठीत मावत नाही. उलट सापाची गोष्ट संन्याशापेक्षा जुने घर घेणाऱ्याला जास्त लागू पडते. तोही दुसऱ्याने केलेल्या बिळातच राहायला आलेला असतो. तुकोबांनी झाडांना नातलग म्हटले ते एकांतात, गावाबाहेर. गृहस्थाची कसोटी निराळी आहे. त्याला हे नाते आपल्या छपराखाली, आपल्या गैरसोयीसकट सांभाळायचे असते.

आणि गैरसोय असतेच. विंचू-काट्याचे, सापाचे आणि माळ्यावरच्या उंदरांचे काय, असा प्रश्न येणारच. वहिवाटीमागच्या न्यायविचारातच त्याचे उत्तर आहे, की तो निरुपद्रवी वापरापुरता आहे. पण उपद्रव ठरवताना आपण किती घाई करतो तेही पाहिले पाहिजे. घुबड दिसले की अशुभ म्हणून हुसकावतात, आणि गव्हाणी घुबड एकाच रात्रीत जे उंदीर उचलते त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी विष आणतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कावळ्याला उपद्रवी जनावरांच्या यादीत टाकले होते. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीत गेली. त्या पन्नास वर्षांत दर पितृपक्षात लोक कौलावर पान ठेवून त्याच कावळ्याची वाट पाहत होते. धर्मापेक्षा कायदा शहाणा असतोच असे नाही, आणि शकुन-अपशकुनांच्या बाबतीत उलटही तितकेच खरे.

सर्वांत खरी अडचण दुरुस्तीची. जुने घर राहते करायचे तर कौले चाळावी लागतात, वासे बदलावे लागतात, भिंतींचे सांधे भरावे लागतात, आणि कोकणात हे सारे पावसाच्या तोंडाशी, चैत्र-वैशाखात करावे लागते. नेमके तेच दिवस दयाळाचे, चिमण्यांचे, साळुंक्यांचे विणीचे असतात. पाऊस थांबत नाही आणि अंडीही थांबत नाहीत. इथे कुठलेही तत्त्वज्ञान दोघांनाही पुरते समाधान देणार नाही, आणि गळके छप्पर हा कुणाचाच धर्म नाही. पण या छोट्या पक्ष्यांचे अंडे घालण्यापासून पिलू उडण्यापर्यंतचे सगळे काम महिना-दीड महिन्यात उरकते. छप्पर एका टोकाने सुरू करून घरट्याकडची चार ओळी कौले शेवटी ठेवणे, भिंतीतले भोक सिमेंटने बुजवण्याआधी आत कुणी आहे का ते पाहणे, वाळकी फांदी उतरवायचीच तर ती श्रावणानंतर उतरवणे, एवढे गवंड्याला आणि सुताराला आधी सांगता येते. मजुरीचा एखादा दिवस वाढतो. पांगाऱ्याची फांदी उतरवल्यावर तांबटाला दुसरी वाळकी फांदी मिळेल अशी दुसरी पांगाऱ्याची काठी कुंपणात आजच रोवावी लागते, कारण तिचे खोड पोखरण्याजोगे व्हायला वर्षे जातात. तोवर घर कदाचित तिसऱ्याच कुणाच्या नावावर झालेले असेल.